बाकीच्या अस्थी



वैशाख लागला की आमच्या सोलापूर जिल्ह्यात चोखोबांच्या आख्यानाला मागणी येते. वैशाख वद्य पंचमी ही त्यांची पुण्यतिथी. हे आख्यान मी चाळीस वर्षे लावले. पंढरीच्या वाळवंटात लावले, सोलापुरात गिरणी कामगारांच्या चाळींत लावले, आणि सर्वांत जास्त वेळा दशक्रियेला, भीमेच्या नाहीतर सीनेच्या काठी, डोकी भादरलेल्या माणसांपुढे लावले. आता शहात्तर पूर्ण झाली, गुडघे गेले. कीर्तनकाराला उभे राहता येईनासे झाले की त्याचे काम संपले. बसून लिहिता येते, म्हणून लिहितो.

आज त्या आख्यानाची चिकित्सा करायची आहे. आख्यान थोर आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. ते लावण्याची आमची जी रीत पडून गेली तिच्यात एक खोट आहे, आणि ती खोट शेकडो वेळा माझ्याच तोंडून बाहेर पडली आहे.

आख्यान आपल्याला पाठ असेल. तरी थोडक्यात सांगतो, कारण पुढे त्यातल्या एकेका शब्दाशी मी अडणार आहे. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचे काम चालले होते. वेठीला धरलेली माणसे कामावर होती, त्यांत चोखोबा होते. भिंत कोसळली. चोखोबा आणि बरोबरची पुष्कळ माणसे तिच्याखाली गेली. साल शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. इकडे पंढरीत देव कष्टी झाले. त्यांनी नामदेवरायांना सांगितले, जा आणि माझ्या चोख्याच्या अस्थी घेऊन ये. नामदेवरायांनी विचारले, एवढ्या हाडांत त्याची ओळखू कशी? देव म्हणाले, ज्या हाडातून विठ्ठलनाम ऐकू येईल ते चोख्याचे. नामदेवरायांनी एकेक हाड कानाला लावून पाहिले, नाम ऐकू आले ती हाडे वेगळी केली आणि पंढरीला आणली. देवाने ती पीतांबरात घेतली. महाद्वारासमोर समाधी झाली. या प्रसंगाचे अभंग नामदेवरायांच्या गाथेत आहेत.

कीर्तनात हा प्रसंग आला की आम्ही काय करतो ते आपण पाहिलेच असेल. मृदंग थांबतो. कीर्तनकार मूठ कानाशी नेतो, मान हलवतो, मूठ खाली टाकतो. दुसरी मूठ कानाशी नेतो, पुन्हा मान हलवतो, तीही टाकतो. तिसऱ्या वेळी डोळे मिटतो, चेहरा उजळतो, आणि तोच मागचे टाळकरी हळू आवाजात विठ्ठल विठ्ठल सुरू करतात. मंडपात रडे आवरत नाही. माझा हा प्रसंग चांगला होत असे, असे लोक म्हणत. मलाही तसे वाटे.

आता खाली टाकलेल्या त्या दोन मुठींविषयी बोलू.

१९८६ सालची गोष्ट असावी. भीमाकाठच्या एका गावी मला दशक्रियेच्या प्रवचनाला नेले होते. गावाचे नाव लिहीत नाही. विहीर खोदताना काठ ढासळून चार माणसे गाडली गेली होती. त्यांतला एक विहिरीच्या मालकाचा पुतण्या, बाकीचे तिघे मजूर. प्रवचन पुतण्याच्या दहाव्याचे होते. सकाळी पिंड ठेवले, कावळा लवकर शिवला, सगळ्यांना बरे वाटले. मग मी बोलायला उभा राहिलो आणि प्रसंगाला साजेसे म्हणून चोखोबांचे आख्यान घेतले. मातीखाली गेलेला माणूस आणि देवाने त्याची काढलेली आठवण, यापरते औचित्य कोणते? मुठी झाल्या, नाम झाले, घरची माणसे ढसढसा रडली.

आटोपल्यावर पाया पडायला रांग लागली. शेवटी एक म्हातारी आली. पाया पडली नाही. हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, "म्हाराज, एक इचारू? चोखोबाची हाडं बोलली, म्हून नामदेवानं न्हेली. बाकीच्यांच्या हाडांचं काय झालं?"

मी म्हणालो, "आई, हा नामाचा महिमा आहे. ज्याच्या रोमरोमांत नाम, त्याची हाडेसुद्धा..."

"त्ये कळलं," ती म्हणाली. "म्हंजी माज्या ल्योकाची बोलली न्हाईत, म्हून ती तितंच ऱ्हायली."

मी काहीतरी बोललो. सगळ्यांच्या ठायी देव आहे, अशा जातीचे. तिने वाद घातला नाही, पदर सावरला आणि निघून गेली. परतीच्या वाटेवर मृदंगी मला म्हणाला, बुवा, त्या तिघांतला एक तिचा. विहिरीतली माती आधी पुतण्याच्या अंगाने उपसली. तिचा मुलगा तिसऱ्या दिवशी निघाला. त्याचा दहावा त्याच दिवशी होता, घाटाच्या खालच्या अंगाला, प्रवचनावाचून. त्या दिवसाची माझी बिदागी एकशे एक्कावन्न रुपये होती. ती मी घेतली.

आणि यानंतरही वीस-बावीस वर्षे मी ते आख्यान तसेच लावले, मुठींसकट. हे लपवून चिकित्सा केली तर ती चिकित्सा खोटी होईल, म्हणून आधीच सांगून टाकतो.

आता आख्यानाकडे जरा सावकाश पाहू. पहिला शब्द घ्या, अस्थी. देव नामदेवरायांना 'चोख्याचे प्रेत आण' म्हणाले नाहीत, अस्थी आण म्हणाले. माणूस भिंतीखाली मेला तर त्या दिवशी प्रेत असते, आठ दिवसांनीही प्रेतच असते. मातीखाली नुसती हाडे उरायला पुष्कळ दिवस जावे लागतात. म्हणजे नामदेवराय पोचले तोवर तो ढिगारा कोणी उपसलाच नव्हता. भिंत बांधायला माणसे सापडली, पडलेल्या भिंतीखालून माणसे काढायला कोणी सापडले नाही. आख्यान ही गोष्ट एका शब्दात सांगून पुढे जाते. आम्ही त्या शब्दावर कधी थांबलो नाही, कारण थांबले की रस बिघडतो.

दुसरा शब्द गावकूस. ज्यांनी कुसाबाहेर राहायचे, त्यांनाच ते कूस बांधायला लावले होते. पडले ते त्यांच्याच अंगावर. यावर अधिक निरूपण नको. मंगळवेढ्याच्या मातीत उभा राहून हा शब्द नुसता मोठ्याने म्हणून पाहावा.

तिसरी गोष्ट नामदेवरायांचे वय. त्यांचा जन्म १२७० चा. म्हणजे ही हाडे वेचली तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. पंढरीहून मंगळवेढे पंचवीस किलोमीटर, वाटेत काळी जमीन. कीर्तनात आम्ही नामदेवराय नेहमी तरणे रंगवतो. तो म्हातारा शिंपी ढिगाऱ्यात वाकून बसला आहे आणि ज्यांना जिवंतपणी शिवायचे नाही त्यांची हाडे एकेक करून कानाला लावतो आहे, हे चित्र मी स्वतः अडुसष्टाचा झालो तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोळ्यांपुढे नीट आले. त्यांनी फक्त चोखोबांची हाडे हाताळली नाहीत. चोखोबांची सापडावीत म्हणून त्यांना सगळ्यांचीच हाडे हाताळावी लागली. प्रत्येक हाडाला त्यांनी एकदा कान दिला. म्हणजे म्हातारीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आख्यानातच होते. बाकीच्यांकडे कोणीतरी कान लावला होता. हे न पाहता मी मात्र ती मूठ खाली टाकत होतो. नामदेवरायांनी ती कशी ठेवली असेल? टाकली असेल असे मला आता वाटत नाही. पण गाथा त्याविषयी बोलत नाही, आणि गाथा जिथे बोलत नाही तिथे मुद्रा करून दाखवण्याचा अधिकार कीर्तनकाराला कोणी दिला?

चौथी गोष्ट नदीची, आणि माझ्या मते सारे मर्म तिच्यात आहे.

चंद्रभागा महाद्वारापासून हाकेच्या अंतरावर. अस्थी घेऊन लोक देशभरातून जिथे येतात तो तीर्थाचा प्रवाह समोर वाहतो आहे, होडीत बसून मध्यधारेत अस्थी सोडायची चाल आहे, इथे अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे. मग चोखोबांच्या अस्थी देवाने पाण्यात का सोडू दिल्या नाहीत? अस्थी नदीत सोडणे म्हणजे निरोप देणे. त्यानंतर मागे वळून पाहायचे नसते. चोखोबांना असा निरोप द्यायला देव तयार नव्हता. ज्याला दारातून आत घेता आले नाही त्याला दारासमोर ठेवले, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्यावरून जाता येऊ नये. जवळजवळ सहा शतके चोखोबांच्या माणसांची वारी त्या समाधीपाशी संपत होती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण केले तेव्हा महाद्वार सर्वांना उघडले. तोवर ती हाडे दारात बसून होती. मला हे धरणे वाटते.

आणि वारकऱ्याची वाट पाहा. पहाटे चंद्रभागेत स्नान, वाळवंटात पुंडलिकरायांचे दर्शन, मग ओलेत्याने महाद्वार घाट चढून वर. घाट संपला की चोखोबा, मग नामदेव पायरी. स्नानाहून आलेल्या लाखो माणसांच्या धोतरा-लुगड्यांचे पाणी सातशे वर्षे त्या जागेपाशी ठिबकते आहे. चोखोबांना नदीत नेले नाही, नदीच त्यांच्याकडे येत राहिली.

तीर्थयात्रेचे आपले सगळे वाङ्मय या नजरेने पुन्हा वाचावे, असे मला वाटते. नामदेवरायांच्या तीर्थावळीत माउली आणि नामदेव उत्तरेकडची मोठमोठी तीर्थे पाहतात, पण आपल्या ध्यानात काय राहते? मारवाडातली खोल विहीर. दोघेही तहानेने व्याकुळ. माउली योगबळाने आत जाऊन पाणी पितात. नामदेवांना ती विद्या नाही, ते नुसते हाका मारतात, आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागते. हा प्रसंग योग थोर की भक्ती थोर अशा पैजेसाठी वापरतात. मला त्यातली पैज कधी रुचली नाही. माउलींना उणे ठरवायला तो प्रसंग नाहीच. माझे गुरुजी म्हणत, माउलींनीच तो घडवून आणला. मला दिसतो तो भेद वेगळा आहे. आत उतरून प्यायलेले पाणी एकाच्या तहानेला पुरते. वाहत्या विहिरीचे पाणी मागून येणाऱ्या अनोळखी वाटसरूला, उंटाला, शेरडालाही मिळते. बाकीच्यांना मिळते. नाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ती याच घराण्यातली गोष्ट. आमच्या सोलापुराला तर नदीच नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी माणसे जमवून, मातीत हात घालून तळे खोदले. आमचे तीर्थ खोदून काढलेले आहे, ही गोष्ट गड्ड्याच्या गर्दीत आम्हीच विसरतो.

मग आपण आजच्या नदीपाशी येऊ. तीर्थाच्या लेखात धरणाचे काय काम, असे कोणी म्हणेल. काम आहे.

आळंदी-देहूची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. सासवडला सोपानकाकांच्या समाधीपासून वाहणारी कऱ्हा नीरेला मिळते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेला. म्हणजे ज्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात त्यांच्या नद्याही चालत पंढरीलाच येतात. माझ्या लहानपणी हे सांगितले की बायका काठावरचे पाणी डोळ्यांना लावीत. आज त्याच नद्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडची घाण घेऊन उजनीत उतरतात. उजनीचे धरण १९८० ला पुरे झाले. वारीला पाणी सोडावे लागते, नाहीतर वाळवंटात डबकी. वाळू उपशाच्या खड्ड्यांत स्नानाला उतरलेली माणसे बुडाल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या. २०१६ साली सरकारने 'नमामि चंद्रभागा' जाहीर केले. नाव चांगले आहे.

आणि हेच पाणी पंढरीवरून पुढे आमच्याकडे येते. दक्षिण सोलापुरात टाकळीला, औजच्या बंधाऱ्यापाशी भीमेचे पाणी उचलून सोलापूर शहराला पाजतात. दशक्रियेला अस्थींबरोबर फोटोची चौकट, हार, प्लास्टिकच्या पिशव्या, मेलेल्याची गादी, उशी, औषधाच्या बाटल्या पाण्यात लोटणारी माणसे मी चाळीस वर्षे पाहिली, आणि माइक हातात असून मी काही बोललो नाही. नदीला दोन काठ असतात हे आपल्याला दिसते, तिला खाली गावे असतात हे सुचत नाही. खालची गावे म्हणजे पुन्हा तेच, बाकीचे. राख शेतात खड्ड्यात घालून वर झाड लावणारी घरे आता दिसतात. मला त्यात वावगे दिसत नाही. काही आचार्यमंडळी रागावतात, त्यांनी एकदा टाकळीच्या उपशापाशी उभे राहावे.

दशक्रियेच्या प्रवचनाविषयी एवढेच, की ते आता कार्यक्रम झाले आहे. घाटावर फ्लेक्स, त्यावर मृताहून मोठे पुढाऱ्यांचे फोटो, तासभर श्रद्धांजल्या, मधेच कीर्तनकाराला 'महाराज, वीस मिनिटांत'. मी त्या बाजारात वावरलो, माझा भाव ठरलेला होता, म्हणून यावर फार बोलण्याचा अधिकार मला नाही.

चोखोबांच्या घरच्या जन्माची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण मरणाची गोष्ट तिच्यावाचून अर्धी राहते. सोयराबाई बाळंत व्हायच्या होत्या. चोखोबा घरी नव्हते. देव चोखोबांच्या बहिणीचे, निर्मळेचे रूप घेऊन आले आणि सुईणीचे काम करून गेले. सोयर आणि सुतक, जन्माचा विटाळ आणि मरणाचा विटाळ, या दोन भिंतींमध्ये आपले सगळे कर्मकांड उभे आहे. या एका घरात देव दोन्ही भिंती ओलांडून आला. बाळंतिणीच्या खोलीत हात भरवून घेतले आणि पुढे हाडे पीतांबरात घेतली. सोयराबाईंनी स्वतः अभंगात विचारले आहे की विटाळ देहाचा म्हणता, तर विटाळावेगळा देह आहे कोणता. ही बाई कीर्तनात चोखोबांची बायको म्हणून येते आणि दोन ओळींत जाते. आमची ही दुसरी खोट.

आता मी बदललो कशाने ते सांगतो. २०२० चे वर्ष आपल्याला आठवत असेल. आषाढीला पादुका एसटीने गेल्या, वाळवंट मोकळे राहिले. त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, अतिवृष्टीत पंढरपुरात कुंभार घाटाची नवी भिंत कोसळली आणि सहा माणसे तिच्याखाली गेली. मी घरी होतो, टीव्हीवर बातमी चालू होती. भिंत, चंद्रभागा, ढिगारा उपसणारी माणसे. माझ्या कानात म्हातारीचा आवाज आला, चौतीस वर्षांनी, जसाच्या तसा. बाकीच्यांच्या हाडांचं काय झालं?

टाळेबंदी सुटल्यावर मी नातवाला घेऊन मंगळवेढ्याला गेलो. भिंत पडली ती जागा म्हणून एकाने एक ठिकाण दाखवले, दुसऱ्याने दुसरे. दोन्हीकडे ज्वारीचे चांगले पीक उभे होते. मी बांधावर बसलो. नातू म्हणाला, आजोबा, इथे पाहायला काय आहे?

परतल्यावर मी जुनी पोथी काढली. तर्पणाचा विधी मी लहानपणी वडिलांपाशी शिकलो होतो, पण कीर्तनात पडल्यावर त्याकडे जरा हसून पाहत असे. आम्हा वारकऱ्यांना नाम पुरे, अशी एक घमेंड असते. पुन्हा वाचले तेव्हा थांबलो. तर्पणात आपले पितर, मातामह, गुरू, आप्त झाले की ओंजळ ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळ्यांना देतात. आणि शेवटी स्नानाचे ओले वस्त्र पिळायचे. त्या पिळलेल्या पाण्यावर हक्क कोणाचा, तर कुळातले जे निपुत्रिक गेले, ज्यांना पाणी द्यायला कोणी उरले नाही, त्यांचा. तीर्थश्राद्धात पितरांचे पिंड झाल्यावर धर्मपिंड देतात. तो ज्यांचे कोणी नाही त्यांचा, चाकरांचा, मित्रांचा, मुक्या जनावरांचासुद्धा. मी ज्याला रुक्ष कर्मकांड समजत होतो त्यात बाकीच्यांसाठी जागा राखून ठेवलेली होती, आणि ज्याला मी सर्वांना कवेत घेणारी भक्ती म्हणत होतो त्या माझ्या कीर्तनात मी ती जागा बुजवली होती. विधी करणारे मंत्राचा अर्थ सांगत नाहीत आणि घाईत वस्त्र पिळतात, हा दोष त्यांचा. पण मला संस्कृत येत होते. माझा दोष मोठा.

गेल्या वर्षी शेजारच्या गल्लीत एका गवंड्याचा तेरावा होता. घरच्यांनी आग्रह केला, बुवा, बसून बोला, पण बोला. मी खुर्चीवर बसून चोखोबांचे आख्यान सांगितले. मुठी केल्या नाहीत. नामदेवराय एकेक हाड कानाला लावतात आणि ऐकून झाल्यावर पुन्हा जपून मातीत ठेवतात, असे सांगितले. आणि हेही सांगितले की हे गाथेत नाही, ही माझी समजूत आहे. चोखोबांबरोबर गेलेल्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, तेव्हा नाव न घेता त्यांच्यासाठी क्षणभर थांबू, असे म्हणालो. मंडपात कोणी रडले नाही. मृदंग्याला कुठे वाजवायचे ते कळेना. घरी जाताना एक जुना कीर्तनकार मित्र म्हणाला, "बुवा, रस गेला." मी म्हणालो, गेला खरा.

पण गवंड्याच्या हाताखाली काम करणारी दोन पोरे मागे बसली होती. ती नंतर जवळ आली. एकाने विचारले, "आजोबा, ते किती जण होते, चोखोबांबरोबर?" आकडा मला सांगता आला नाही. पुष्कळ, एवढेच गाथेत आहे.

भीमाकाठची ती म्हातारी आता नसणार. त्या गावी मी एकदा जाऊन चौकशी केली. विहीर बुजवली आहे, मालकाच्या घरचे पुण्याला गेले. तिच्या घरचे कोण, ते कोणाला सांगता आले नाही. नदीवर गेलो, पाणी गुडघाभर होते. स्नान केले. वर आल्यावर पंचा पिळला, आणि या वेळी घाई केली नाही.

येत्या वैशाख वद्य पंचमीला मी पंढरीला न जाता मंगळवेढ्याला जाणार आहे. कीर्तन नाही, मंडप नाही. कोणा माउलीला यायचे असेल तर सोलापूरच्या स्टँडवर सकाळी भेटावे. येताना पाण्याची बाटली घ्यावी. ऊन फार असते.